नाशिकजवळच्या जंगलाची कुंडली कशी काढायची, आणि मग ते राखायचं कसं

नाशिक जिल्ह्यात नॅशनल पार्क एकही नाही. आधीच सांगून टाकतो, कारण थंडी पडली की कोणी ना कोणी विचारतंच, "ते नांदूर मध्यमेश्वर नॅशनल पार्क कसं आहे, फॅमिली घेऊन जाण्यासारखं आहे का?" जाण्यासारखं आहे, जरूर जा, पण ते निफाड तालुक्यातलं पक्ष्यांचं अभयारण्य आहे. हा किस काढायचं कारण असं की बोर्डावर राष्ट्रीय उद्यान आहे, अभयारण्य आहे की संवर्धन राखीव क्षेत्र आहे यावर तिथे गुरं चरतील का, मासे धरता येतील का, हद्द कोणाला हलवता येते आणि उद्या काही वावगं दिसलं तर तुमचा अर्ज कुठल्या टेबलावर जाणार हे सगळं ठरतं. जंगल वाचवा म्हणून स्टेटस ठेवणारे आपल्याकडे पोत्याने आहेत, त्या जंगलाचा कागद बघितलेला माणूस मात्र शोधावा लागतो. म्हणून हे लिहितोय.

प्रकार ओळखा

मूळ कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षण कायदा. सगळा वाचत बसू नका, चौथं प्रकरण वाचलं तरी आपलं काम भागतं. राष्ट्रीय उद्यान कलम ३५ खाली जाहीर होतं, तिथे नियम सगळ्यात कडक, लोकांचे हक्क आधी निकालात काढावे लागतात आणि गुरं आत सोडायला पूर्ण बंदी. महाराष्ट्रात अशी सहाच आहेत, ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि चांदोली. अभयारण्यात थोडं सैल असतं, आधीपासूनचे काही हक्क कलेक्टर चालू ठेवू शकतात, चराईवर नियंत्रण असतं पण सरसकट बंदी असतेच असं नाही. नांदूर मध्यमेश्वर आणि अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही आपल्या जवळची दोन अभयारण्यं, दोन्ही १९८६ ची.

तिसरा प्रकार संवर्धन राखीव, तो २००२ च्या दुरुस्तीतून आला. जमीन सरकारी असते पण जाहीर करण्याआधी गावाशी बोलावं लागतं आणि नंतर जी समिती असते तिच्यात ग्रामपंचायतीची माणसं बसतात. यात नाशिककरांनी थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही, राज्यातलं पहिलं असं क्षेत्र २००८ ला आपल्या बोरगडला झालं, रामशेजच्या शेजारचा डोंगर, वर एअरफोर्सचं ठाणं आहे तो. पुढे २०१४ ला येवल्याकडे ममदापूर झालं काळविटांसाठी, २०१७ ला अंजनेरी. अंजनेरीला एक कंदीलपुष्प आहे ज्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे, २००६ ला ते नव्याने नोंदलं गेलं, आणि कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. वर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या लोकांनी बोंब मारली, आणि त्यांच्याकडे भावनेशिवाय दाखवायला एक कागद होता, हे लक्षात ठेवा.

रामसर हा दर्जा वेगळा. तो पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार, इराणमधल्या रामसर गावात २ फेब्रुवारी १९७१ ला झालेला, भारत त्यात १९८२ ला आला. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, लोणार त्याच वर्षी पण नंतर, ठाण्याची खाडी २०२२ ला. मान मोठा आहे, पण रामसरचा माणूस काही इथे गस्त घालायला येत नाही, जमिनीवर काम करतो तो वनरक्षक आणि कायदा तोच १९७२ चा.

इतिहास काढायचा तर कुठून

सगळे लोक यलोस्टोनपासून सुरू करतात. ठीक आहे, १८७२ ला अमेरिकेत झालं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणतात, पण त्यातली खरी गंमत पुढे आहे. जाहीर तर केलं, राखायला माणसं नाहीत, पैसा नाही, शिकारी मोकाट, शेवटी १८८६ ला लष्कर बोलवावं लागलं आणि ते तीसएक वर्षं तिथे होतं. राष्ट्रीय उद्यानांसाठी वेगळं खातंच मुळी १९१६ ला निघालं. आपल्याकडे पहिलं १९३६ चं हेली नॅशनल पार्क, गव्हर्नरचं नाव दिलेलं, स्वातंत्र्यानंतर ते रामगंगा झालं आणि मग जिम कॉर्बेट वारल्यावर त्यांचं नाव लागलं. महाराष्ट्रात पहिलं ताडोबा, १९५५. तिथे शिकारबंदी १९३५ पासूनची, आणि त्याच्याही आधीपासून तळ्याकाठी तारूचं ठाणं आहे, वाघाशी झुंजताना गेलेला गावप्रमुख, गोंड लोक त्याला देव मानतात. म्हणजे सरकारी फाइल उघडायच्या आधीसुद्धा त्या जागेला कोणीतरी जपत होतं. आपल्या जंगलाचा इतिहास काढताना हे दोन प्रश्न हाताशी ठेवा, कागदावर कधी आलं आणि त्याआधी कोणाचं होतं.

आता नांदूर मध्यमेश्वर घ्या. पावसाळ्यात बातमी असतेच, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग. बऱ्याच नाशिककरांना हे नाव पक्ष्यांमुळे माहीत नाही, या विसर्गामुळे माहीत आहे, आणि खरा इतिहासही तोच आहे. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बंधारा घातला तो कालव्यांसाठी, दुष्काळी भागाला पाणी द्यायला, पक्षी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. मग वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि मग पक्षी आले. इरिगेशनवाल्यांच्या दृष्टीने जो गाळ म्हणजे डोकेदुखी तोच बदकांच्या दृष्टीने संसार. त्यामुळे इथला इतिहास फक्त वन खात्याकडे मागितला तर अर्धाच मिळतो.

मी तीन ठिकाणी जायला सांगतो. वन खात्याकडे अधिसूचना, व्यवस्थापन आराखडा आणि जवळपासच्या इको सेन्सिटिव्ह झोनचा, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याचा, नकाशा. जलसंपदाकडे पाणीपातळीच्या नोंदी आणि आवर्तनाचं, म्हणजे कालव्यांना ठरावीक काळाने पाणी सोडण्याचं, वेळापत्रक. महसुलाकडे गाव नकाशा, गट नंबर. याशिवाय जुनं ब्रिटिश गॅझेटियर बघाच, नाशिकचा खंड १८८३ चा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा, राज्याच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड ऑनलाइन टाकलेत. गंमत ही की हा खंड बंधाऱ्याच्या आधीचा, म्हणजे हा जलाशय त्यात असणारच नाही, नदी, जंगल आणि जनावरं यांच्यावर तेव्हा काय लिहिलंय ते वाचा आणि आजच्या सॅटेलाइट नकाशाशेजारी ठेवून बघा.

कागद सहज मिळत नसेल तर माहिती अधिकार. घाबरू नका, जोडपत्र अ चा नमुना भरायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, अर्ज जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा तसा नियम आहे. आणि "अभयारण्याची दुरवस्था का झाली?" असं कधीच विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही, "सदर प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही" एवढं एक ओळीचं पत्र येतं. "अमुक अभयारण्याच्या अधिसूचनेची आणि चालू व्यवस्थापन आराखड्याची प्रत मिळावी" असं मागा. कागद मागितला की कागद मिळतो. अभयारण्यासाठी वन्यजीव विभागाचं नाशिकचं कार्यालय, बोरगड-अंजनेरीसारख्यासाठी त्या त्या भागाचा प्रादेशिक वन विभाग, आणि चुकीच्या ऑफिसात टाकला तरी त्यांनी तो योग्य जागी पाठवायचा असतो. तीस दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

गावातल्या माणसाशी बोला, पण नीट

कागदात जे नसतं ते गावात असतं. चापडगाव, खानगाव थडी, मांजरगाव, काठावरच्या कुठल्याही गावात पारावर कोणीतरी म्हातारं माणूस भेटतंच. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून समोर धरलात तर झालं, ते सावरून बसतात आणि पेपरात छापल्यासारखं बोलायला लागतात. आधी बसा, चहा घ्या, पाणी कसं आहे यंदा, कांद्याला काय भाव मिळाला, हे विचारा. "बाबा, पाणी आधी कुठपर्यंत यायचं हो?" एवढं विचारलं की हात आपोआप वर होतो, "त्या बाभळी दिसत्यात ना, तिथंवर. आणि हे पाणवेलीचं काहीच नव्हतं तेव्हा. जाळं टाकलं की मासा यायचा, आता जाळं टाकलं की वेल येतो." ही माहिती आराखड्यात "आक्रमक जलपर्णीचा प्रादुर्भाव" अशा शब्दात असते, आणि कुठून कुठे किती सरकली ते या बोटाच्या दिशेवरून कळतं. त्या झाडाचं लोकेशन फोनमध्ये सेव्ह करा, तारीख टाका, परवानगी असेल तरच नाव लिहा. मासेमारी करणारे, गुराखी, कालव्यावरचे पाटकरी, यांना विचारा. बायकांना तर हमखास विचारा, सरपण आणि गवत कुठून यायचं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं आणि त्यांना विचारत कोणीच नाही.

नुसती बंदी घालून भागत नाही

हे थोडं लांबण लावून सांगतो कारण आपल्याकडे प्रत्येक चर्चेत कोणीतरी म्हणतंच, सगळ्यांना बाहेर काढा, कुंपण घाला, जंगल आपोआप वाढेल. नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, हे नाव पक्षीतज्ज्ञ सालीम अलींनी दिलं असं सांगतात. तर राजस्थानातल्या मूळ भरतपूरचंच बघा. ते पण आपल्यासारखंच माणसाने बनवलेलं पाणथळ, बांधाचं पाणी वळवून केलेलं, आणि केलं होतं शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४२७३ पक्षी मारले, आकडा दगडावर कोरलेला आहे, तेव्हा ती अभिमानाची गोष्ट होती. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते राष्ट्रीय उद्यान झालं, नियमाप्रमाणे १९८२ ला गुरं बंद झाली, गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं गेली. आणि इकडे बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, लोक तिथे कित्येक वर्षं बसून अभ्यास करत होते, सालीम अलीही त्यात होते, चराई थांबवा असं म्हणणाऱ्यांचीच ती बाजू. त्या अभ्यासातून काय निघालं, तर म्हशी जे गवत खायच्या ते आता कोणी खाईना, गवत माजलं, उघडं पाणी आटत गेलं आणि बदकांना उतरायला जागा कमी पडायला लागली. नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायला परवानग्या द्याव्या लागल्या.

याचा अर्थ गुरं सगळीकडे सोडा असा काढू नका. बोरगडला उलटं आहे, तिथे उघडाबोडका डोंगर होता, चराई आणि वणवा आवरला तेव्हा झाडी परत आली, आणि ती गावकऱ्यांनी स्वतः आवरली, पक्षीमित्रांच्या सोबतीने. यलोस्टोनमध्ये लांडगे म्हणजे उपद्रव म्हणून १९२६ पर्यंत संपवले, मग हरणांसारखे एल्क इतके वाढले की कोवळी झाडं टिकेनात, १९९५ ला कॅनडातून लांडगे परत आणावे लागले. प्रत्येक जागेचं औषध वेगळं आहे हो, आणि ती जागा कशी घडली हे माहीत नसलं की औषध चुकतं. कुंडली काढा म्हणतो ते यासाठीच.

जाताना

नांदूर मध्यमेश्वरला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. निफाडची थंडी माहीत आहेच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी बातमीत असतो, तर पहाटे जाताना कानटोपीची लाज बाळगू नका. सूर्य वर आला की पक्षी आत सरकतात आणि उजेडही फोटोला बेकार होतो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरून जाणारे हिरमुसून येतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, शेकाट्या, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, आणि वरून दलदल भोवत्या, तो शिकारी पक्षी, गेला की सगळं तळं एकदम उठतं, ते बघा. दुर्बीण नसेल तर गावातला गाइड घ्या, त्यांच्याकडे स्कोप असतो आणि पैसा गावात राहतो.

अजून एक, पाणी भरपूर म्हणजे पक्षी भरपूर असं समीकरण नाहीये. चिखलपायांना, म्हणजे जे काठाने टोचत फिरतात त्यांना, घोटाभर पाणी आणि ओला चिखल लागतो. आवर्तनासाठी वरून पाणी सोडलं आणि तळं तुडुंब झालं की ते काठ बुडतात आणि थवे दुसरीकडे जातात. म्हणून जाण्याआधी आवर्तन चालू आहे का विचारा, आणि मागच्या वर्षी किती होते आणि यंदा कमी का यावर गळे काढण्याआधी तर नक्कीच विचारा.

पक्षी उठवून उडते फोटो काढणं, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं, ड्रोन, हे करू नका. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे बघायला जाता तेव्हा पण तेच, हेडलाइट बंद, टॉर्च बंद, रस्ता सोडून गवतात शिरायचं नाही, कारण झाडावर जे चमकतात ते तुम्ही बघताय पण जमिनीलगत गवतात आहेत ते पायाखाली जातायत. हिरडा-बेहड्याचं एक झाड लखलखतं बघायला पाचशे गाड्या रांगेत आणि सगळ्यांचे हेडलाइट चालू, याला मी तरी निसर्गप्रेम म्हणणार नाही.

आता राखायचं काम

पहिलं, मोजा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. त्याशिवाय वन खातं पक्षीमित्रांना घेऊन गणना करतं, बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणीगणना होते. नाव द्या, नवशिक्यांना जुन्या जाणत्यांबरोबर बसवतात. एरवी गेलात तरी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, यादी टाका, आणि साधे पक्षी पण टाका, वारकरी आणि टिबुकल्यापण, नुसते दुर्मिळ टाकले तर त्या यादीचा पुढे कोणाला उपयोग नाही. एकाच जागी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा मोजलेलं सोन्यासारखं.

दुसरं, पाणवेली. रामसरच्या कागदातच या जागेला असलेल्या धोक्यांमध्ये तिचं नाव आहे, आणि त्याच कागदात देवळालीच्या नावाचा एक छोटा मासा, देवळाली मिनो, अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलाय. पाणवेली काढायच्या श्रमदानाला जा, हातमोजे घाला, काढलेली वेल काठावरच टाकू नका, पहिल्या पुरात परत आत जाते. पण खरं सांगू का, ती वेल वाढते कशावर, तर सांडपाण्यावर, आणि ते सांडपाणी कोणाचं, तर आपलं. नाशिकच्या नासर्डी नदीत जे पडतं ते गोदावरीत जातं आणि गोदावरी इथून खाली नांदूर मध्यमेश्वरलाच जाते, मध्ये कुठे थांबत नाही. त्यामुळे सोसायटीचं ड्रेनेज पावसाळी गटारीला जोडलंय का हे तपासणं हे पण अभयारण्याचंच काम आहे, फोटो तेवढा चांगला येत नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने नदीवर खर्च होणारच आहे, तर वॉर्डाच्या बैठकीत घाटाच्या फरशीच्या आधी मलजलाचं विचारा.

तिसरं, वणवा. बोरगड, अंजनेरी, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला फेब्रुवारीपासून गवत वाळतं. त्याआधी जाळरेषा काढतात, पट्ट्यातलं गवत साफ करून, त्याला हात लागतात, वनरक्षकाला फोन करून विचारा कधी यायचं. ट्रेकला गेलात तर चूल, सिगारेट नाही. आग दिसली, शिकार दिसली, जखमी जनावर दिसलं, विहिरीत काळवीट पडलेलं कळलं, तर १९२६ वर फोन, वन खात्याची हेल्पलाइन. गाव, जवळची खूण, वेळ सांगा. उसात बिबट्या दिसला तर व्हॉट्सअपवर टाकायच्या आधी हा फोन, कारण गर्दी जमली की तो बिथरतो आणि मग काय होतं ते आपण बऱ्याचदा वाचलंय.

चौथं जरा कंटाळवाणं पण सगळ्यात टिकाऊ, हरकत नोंदवणं. इको सेन्सिटिव्ह झोनची प्रारूप अधिसूचना निघाली की लोकांना हरकती-सूचनांसाठी साठ दिवस असतात. अभयारण्याची हद्द बदलायची तर राज्याला परस्पर बदलता येत नाही, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. हरकत लिहिताना "निसर्गाची हानी होईल हो" असं लिहू नका, ते कोणीच नाकारत नाही आणि कोणीच वाचत नाही. गट नंबर टाका, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख टाका, तुम्ही किंवा तुमच्या ग्रुपने मोजलेल्या पक्ष्यांची यादी तारखांसह जोडा, गावातल्या बाबांनी दाखवलेल्या त्या बाभळीचं लोकेशन जोडा, ग्रामसभेचा ठराव मिळाला तर फारच उत्तम. दोन प्रती न्या, एक त्यांना आणि एक तुमच्याकडे शिक्का मारून, साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा म्हणाले तरी आवक नंबर आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.